अथेन्सचा अगोरा आणि प्निक्सची टेकडी: मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागा

दगडफूल
गेल्या नोव्हेंबरात आई आणि मी आठवडाभर अथेन्सला होतो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे अ‍ॅक्रोपोलिसच्या चढणीचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. मग रोज सकाळी तिला घेऊन खाली अगोरात, म्हणजे जुन्या अथेन्सच्या बाजाराच्या आणि सभेच्या मैदानात जाऊन बसायचं, असं सुरू झालं. दोन दिवसांत उरकायची जागा आम्ही पाच दिवस पाहिली, आणि आता मला वाटतं की ग्रीक शहर समजून घ्यायचं तर पार्थेनॉनच्या आधी हे मैदान पाहायला हवं.

मैदान म्हणते आहे ते विचारपूर्वक. देवळं, सभागृहं, न्यायालयं, ओसऱ्या हे सगळं कडेकडेने आहे. मधली जागा बराच काळ मोकळी होती, आणि ती मोकळी राहावी म्हणून तिच्या हद्दीवर दगड रोवले होते. इ.स.पू. ५०० च्या सुमाराचे हे दगड सापडले आहेत. त्यांवर लिहिलंय, 'मी अगोराची हद्द आहे.' दगडच बोलतोय! ज्यांच्यावर काही गंभीर गुन्हे शाबीत झाले होते त्यांना या दगडाच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. म्हणजे या मोकळ्या जागेत उभं राहता येणं हा नागरिकाचा मान होता.

यातला एक दगड नैऋत्य कोपऱ्यात आजही मूळ जागी उभा आहे. त्याला लागूनच एका घराचा पाया आहे. तिथे उत्खननात चपलांना मारायचे लोखंडी खिळे आणि हाडाच्या गोल कड्या मिळाल्या, शिवाय एका पेल्याचा बुडखा मिळाला, त्यावर 'सिमॉनचा' असं कोरलेलं. सॉक्रेटिस सिमॉन नावाच्या चांभाराच्या दुकानात बसून गप्पा मारायचा असं जुने लेखक सांगतात. हा सिमॉन तोच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. तिने ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे, आणि सॉक्रेटिस तिच्यासाठी कायम धड्यातला माणूस होता.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही अटालोसच्या स्टोआत, तिथल्या संग्रहालयात घालवला. स्टोआ म्हणजे पुढे खांबांची रांग आणि मागे दुकानं असलेली लांबच लांब ओसरी. पर्गामोनचा राजा दुसरा अटालोस तरुणपणी अथेन्सला शिकायला होता. पुढे राजा झाल्यावर त्याने ही दुमजली ओसरी शहराला भेट दिली. दोन्ही मजल्यांवर मिळून ४२ दुकानं. बाहेरच्या खांबांच्या खालच्या भागावर उभ्या पन्हळी नाहीत, तिथे खांब गुळगुळीत ठेवलाय. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या धक्क्याने, सामानाने कडा तुटतील म्हणून ही सोय. रोज हजारो माणसं घासून जाणार हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं.

आत गेलात की क्लेरोटेरिऑन, म्हणजे ज्यूरी निवडायचं सोडतीचं यंत्र, जरूर बघा. संगमरवराची शिळा, तिच्यात ओळीने खाचा. ज्यूरीवर बसू इच्छिणारा नागरिक आपल्या नावाची पट्टी खाचेत लावणार. शिळेच्या बाजूच्या नळीत काळ्या-पांढऱ्या गोट्या मिसळून ओतायच्या आणि एकेक सोडायची. पांढरी आली तर ती पूर्ण ओळ आज न्यायदानाला, काळी आली तर घरी. सकाळपर्यंत कोणाला कुठल्या खटल्यावर बसायचं हे कोणालाच माहीत नसे, मग लाच कोणाला देणार? शेजारी पाण्याचं घड्याळ आहे, बुडाशी नळी असलेलं मातीचं भांडं. ते रिकामं व्हायला साधारण ६ मिनिटं लागतात. भाषणाचा वेळ अशा भांड्यांनी मोजत. मतदानाच्या ब्राँझच्या चकत्याही आहेत. मधला दांडा पोकळ असेल तर दोषी, भरीव असेल तर निर्दोष. अंगठा आणि बोट दांड्याच्या दोन टोकांवर ठेवून चकती धरली की शेजाऱ्याला काही कळत नाही. हे मी आईला करून दाखवत होते तेव्हा पहारेकरी बाई हसल्या आणि त्यांनी आईला स्वतःची खुर्ची दिली.

प्निक्सला, म्हणजे नागरिकांची सभा भरायची त्या टेकडीवर, मात्र मी एकटीच गेले, भल्या सकाळी. अगोरातून दहा-पंधरा मिनिटांची चढण. तिकीट नाही, गर्दी नाही. तिथे बघायला जवळजवळ काहीच नाही: उतरती मोकळी जागा, मागे प्रचंड दगडांची आधारभिंत, आणि खडकात कोरलेला पायऱ्यांचा ओटा. या ओट्यावर उभं राहून डेमॉस्थेनिस हा प्रसिद्ध वक्ता बोलला. सुमारे ६००० माणसं समोर, पहाटे सभा सुरू, इ.स.पू. चौथ्या शतकात वर्षाला ४० सभा. दवंडी देणारा विचारायचा, 'कोणाला बोलायचंय?' मग उठायचं आणि बोलायचं.

मी त्या ओट्यासमोर तासभर बसले. परत आल्यावर आईला सांगितलं तर तिने विचारलं, "बायका कुठे बसायच्या?" बसतच नव्हत्या. हे मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून आल्यावर वेगळं लागलं. यावर कोणी वाचलं असेल तर लिहा. बाकी ग्रीक जागांबद्दलही लिहा, आम्ही एवढंच पाहिलं.

रानवाटा
सुरेख! वाचनखूण साठवली. पुढच्या मे महिन्यात जायचं ठरतंय. अगोरासाठी किती वेळ ठेवावा?

दगडफूल
@रानवाटा, अर्धा दिवस तरी ठेवा. मोनास्तिराकी किंवा थिसिओ, दोन्ही मेट्रो स्टेशनं जवळ आहेत. मेमध्ये ऊन कडक असेल, म्हणून आधी मैदान फिरा आणि दुपारी स्टोआच्या सावलीत जा. अगोराच्या कडेचं हेफेस्टस देवाचं देऊळ सकाळच्या उजेडात बघा. ते शतकानुशतकं चर्च म्हणून वापरात होतं, म्हणून इतकं शाबूत राहिलं. पायांत जाड तळव्याचे बूट हवेत, प्निक्सचा खडक झिजून गुळगुळीत झालाय.

कोकणकडा
अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचं ते प्रसिद्ध भाषण, युद्धात पडलेल्या सैनिकांसाठीचं, तेही इथेच प्निक्सवर झालं ना?

मोडीवाचक
नाही, ते केरामेइकोसला, शहराच्या वेशीबाहेरच्या स्मशानभूमीत. युद्धात पडलेल्यांच्या अस्थी तिथे सार्वजनिक खर्चाने पुरत आणि निवडलेला वक्ता उंच चौथऱ्यावरून बोले. त्या काळच्या थ्युसिडिडीस या इतिहासकाराने तसं लिहिलंय. केरामेइकोस अगोरापासून जवळ आहे, दगडफूल, वेळ मिळाला असता तर तुमच्या आईंना तेही आवडलं असतं.

प्निक्सबद्दल एक भर घालतो. आज दिसतो तो ओटा तिसऱ्या टप्प्यातला, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याआधी बसायची दिशाच उलटी होती. ती इ.स.पू. ४०४ च्या सुमारास बदलली असं उत्खनन करणारे मानतात. नंतरचा चरित्रकार प्लुटार्क याची गोष्ट सांगतो: लोकशाही मोडून सत्तेवर आलेल्या 'तीस जुलूमशहां'नी ओट्याचं तोंड समुद्राकडून जमिनीकडे वळवलं, कारण समुद्रावर वल्ही मारणाऱ्या गरिबांमुळेच लोकशाही माजली असं त्यांना वाटायचं. जमिनीच्या रचनेशी ही गोष्ट नीट जुळत नाही, पण वक्त्याच्या डोळ्यांसमोर काय असावं यावरही राजकारण होतं हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

लोक सभेला आपणहून धावत येत, असंही समजू नका. ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४२५ च्या नाटकात लाल रंगात भिजवलेल्या दोरीचा उल्लेख आहे. अगोरात गप्पा मारत रेंगाळणाऱ्यांना त्या दोरीने प्निक्सकडे रेटत. कपड्याला लाल डाग म्हणजे चुकारपणाची खूण. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला हजेरीचा भत्ता सुरू झाला, एका ओबोलपासून (हे छोटं नाणं) तीनपर्यंत वाढला, आणि मग गर्दी होऊ लागली. रोजंदारीवरच्या माणसाला दिवस मोडून सभेला येणं परवडायला हवं, हा विचार त्यामागे होता. मला या सगळ्या व्यवस्थेत हा भत्ता सगळ्यात मोलाचा वाटतो.

अंगणवेल
अगोराला मराठीत काय म्हणावं? बाजारपेठ म्हटलं तर सभा राहून जाते, सभास्थान म्हटलं तर भाजी राहून जाते. चावडी म्हणावं का?

मोडीवाचक
चावडी मला पटत नाही. चावडी सरकारदरबाराची: तिथे पाटील-कुलकर्णी बसणार, सारा भरला जाणार, बोलावणं आलं की जायचं. पार जवळचा आहे, पण पारावर काही विकत नाहीत. ग्रीकमध्ये मूळ धातूचा अर्थच 'जमणे'. त्यातून 'अगोराझो' म्हणजे विकत घेणे आणि 'अगोरेवो' म्हणजे सभेत बोलणे, असे दोन्ही शब्द निघाले. आज ग्रीसमध्ये अगोरा म्हणजे फक्त बाजार. मी तरी अगोराच लिहितो.

अंगणवेल
चव्हाटा? चार वाटा जिथे मिळतात तो. 'चव्हाट्यावर आणणे' यात सगळ्यांसमोर मांडणं आलंच की.

मोडीवाचक
हे चांगलं आहे. मला सुचलं नव्हतं. अगोरातूनही तिरकी मोठी वाट जाते, अथेना देवीच्या उत्सवातल्या पानाथेनाइक मिरवणुकीची, आणि तिला बाकीच्या वाटा येऊन मिळतात. विकणं आणि बोलणं एकाच जागी असणं अथेन्सवाल्यांना खटकत नव्हतं, ॲरिस्टॉटलला मात्र खटकायचं. त्याने लिहिलंय की थेसलीत असतो तसा एक 'स्वतंत्र' अगोरा असावा, जिथे काही विकायचं नाही आणि कारागीर किंवा शेतकरी बोलावल्याशिवाय यायचा नाही, बाजार वेगळा असावा. उलट युबुलोस नावाच्या विनोदी नाटककाराचा एक उतारा वाचला आहे. अथेन्समध्ये एकाच जागी काय काय मिळतं याची यादी त्यात दिली आहे: अंजीर, समन्स बजावणारे, द्राक्षं, सलगम, साक्षीदार, गुलाब, मधाची पोळी, चणे, खटले, पाण्याची घड्याळं, कायदे. हे वाचलं की मला सिमॉनचं दुकान हद्दीच्या दगडाला का चिकटलंय ते कळतं.

सातासमुद्र
मी गेली १४ वर्षं भारताबाहेर आहे, त्यामुळे अगोराची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. अथेन्सचं मित्र असलेलं प्लातायाचं शहर इ.स.पू. ४२७ मध्ये स्पार्टाने उद्ध्वस्त केलं. तिथले जे लोक जगून वाचून अथेन्सला आले त्यांना नागरिकत्व मिळालं. लिसियास या भाषणं लिहून देणाऱ्याच्या एका कोर्टातल्या भाषणात ओघाने येतं की हे प्लातायावाले दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी अगोरात ताज्या चीजच्या बाजारात जमायचे. एका माणसाला तो खरंच प्लातायाचा आहे का हे तपासायचं असतं, तर फिर्यादीला सांगतात, शेवटच्या दिवशी चीजपाशी जा, तिथे सगळे भेटतील, त्यांना विचार. त्याच खटल्यात अथेन्सजवळच्या देकेलिया गावचे लोक हर्म्सच्या पुतळ्यांजवळच्या एका न्हाव्याच्या दुकानात जमतात असंही येतं.

आम्हीही महिन्याच्या एका रविवारी इथल्या भारतीय किराणा दुकानासमोर उभे असतो. कोणी ठरवलेलं नाही. कोथिंबीर घ्यायला आलेले दोन तास बोलत राहतात. गावाकडचा नवा माणूस आला की तिथेच कळतं.

दगडफूल
@सातासमुद्र, हे वाचून फार बरं वाटलं. आईला वाचून दाखवलं.

शंखनाद
सगळे भारावून लिहीत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. तुम्ही जी ओसरी पाहिलीत ती १९५२ ते १९५६ मध्ये नव्याने बांधलेली आहे. मूळची इ.स. २६७ मध्ये हेरुली टोळ्यांच्या हल्ल्यात गेली. आणि हा अगोरा उघडा करण्यासाठी १९३१ पासून व्रिसाकी नावाची अख्खी वस्ती पाडली. साधारण ४०० घरं. माणसं जिथे खरोखर राहत, भांडत, जमत होती ती जागा उठवून आपण 'जमण्याची जागा' पाहतो. मला तिथे फिरताना त्या घरांचाच विचार येत होता.

दगडफूल
राग कसला, हे मी लिहायला हवं होतं. संग्रहालयात व्रिसाकीचे जुने फोटो मीही पाहिले. अंगणात वाळत घातलेले कपडे, दारातली मांजरं. उत्खनन करणाऱ्यांनी वस्तीतलं साधारण इ.स. १००० मधलं पवित्र प्रेषितांचं छोटं चर्च तेवढं ठेवलं. घरांचा प्रश्न माझ्याकडे सुटत नाही.

स्टोआबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. तिचं उत्तरेचं टोक छपराच्या उंचीपर्यंत शिल्लक होतं, म्हणून मापं अंदाजाने घेतलेली नाहीत. आणि पाऊस आला तेव्हा आम्ही तीसचाळीस अनोळखी माणसं त्या खांबांआड उभी राहिलो. ओसरी कशासाठी असते ते पडक्या पायावर उभं राहून मला कळलं नसतं. २००३ मध्ये दहा नव्या देशांच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाच्या करारावर सह्या झाल्या, त्याही याच ओसरीत. इमारत नवी असेल, वापर जुनाच आहे.

रानवाटा
एपिडाऊरसचं प्राचीन नाट्यगृहही यादीत आहे. तिथे मध्यभागी काडी ओढली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते, हे खरं का?

कोकणकडा
आम्ही २०१८ ला गेलो होतो. नाट्यगृह अप्रतिम आहे, ५५ रांगा, डोंगराच्या कुशीत. गाईडने नाणं टाकून दाखवलं आणि आम्ही वर बसून ऐकलं असं आम्हाला वाटलं. पण नेदरलँड्सच्या संशोधकांनी यंत्रं लावून मोजलं तेव्हा निघालं की काडी किंवा कुजबुज अर्ध्यापर्यंतही नीट पोचत नाही. नटाने मोकळा आवाज लावला तर मात्र शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कळतो. मला हे जास्त आवडलं. नटाला आवाज कमवावा लागतोच.

ऑलिम्पिया जमलं तर सोडू नका. स्टेडियमच्या वाटेवर चौथऱ्यांची रांग आहे, त्यांवर झ्यूसचे ब्राँझचे पुतळे होते. स्पर्धेत लबाडी करणाऱ्यांकडून घेतलेल्या दंडाच्या पैशांतून उभारलेले. धावायला जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यापुढूनच जावं लागे.

मोडीवाचक
महाराष्ट्राशी संबंध असलेली एक गोष्ट इथे नोंदवतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांचे लेख आहेत, त्यांत धेनुकाकटाहून आलेल्या यवनांनी दिलेले अनेक खांब आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ क्रमांकाचं लेणं धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने कोरवलं, तो स्वतःला दात्तामित्री गावचा योनक, म्हणजे यवन, म्हणवतो. नावं इथली, धर्म बौद्ध. हे लोक वंशाने ग्रीक होते की 'यवन' तोवर नुसती पश्चिमेकडच्यांची ओळख झाली होती, यावर मतभेद आहेत. पण सार्वजनिक वास्तूचा एकेक खांब एकेकाने द्यायचा आणि त्यावर आपलं नाव-गाव लिहायचं, यात ते इथल्या व्यापाऱ्यांच्या, भिक्षूंच्या बरोबरीने उभे आहेत. पुढच्या वेळी कार्ल्याला गेलात की खांबांवरची अक्षरं जरा थांबून बघा.

शंखनाद
छान माहिती. आता मूळ प्रश्नाकडे येऊ, बायका कुठे होत्या. आणि गुलाम कुठे होते?

गुलाम अगोरात सगळीकडे होते. विकायलाही तिथेच उभे करत. १९७० मध्ये अगोरात इ.स.पू. ३७५ च्या कायद्याची शिळा सापडली. त्या कायद्याप्रमाणे एक सरकारी गुलाम रोज सावकारांच्या टेबलांमध्ये बसून चांदीची नाणी पारखायचा. त्याने खरं म्हटलेलं नाणं नाकारलं तर दुकानदाराचा त्या दिवसाचा माल जप्त. आणि तो कामावर बसला नाही तर त्याला ५० फटके. शहराच्या चलनावरचा विश्वास ज्याच्या बोटांवर अवलंबून होता, त्याला प्निक्सवर हात वर करायचा हक्क नव्हता.

सांजवेळ
बायकांबद्दल मी लिहिते, दगडफूल, कारण तुमच्या आईंचा प्रश्न मलाही छळायचा. सभेत नव्हत्या, ज्यूरीवर नव्हत्या. धार्मिक उत्सवांत होत्या: पानाथेनाइक मिरवणुकीत टोपल्या घेऊन मुली याच अगोरातून जायच्या, आणि थेस्मोफोरिया या सणाचे तीन दिवस तर बायकांचेच, पुरुषांना मज्जाव. पण रोजच्या दिवशी अगोरात बसणाऱ्या बायका म्हणजे गरीब घरच्या. पाव विकणाऱ्या, हार विकणाऱ्या.

त्यातली एक आपल्याला नावाने माहीत आहे, निकारेते. इ.स.पू. ३४६ मध्ये नागरिकांच्या याद्यांची फेरतपासणी झाली आणि तिचा मुलगा युक्सिथेओस याचं नाव कापलं गेलं. विरोधकांचा एक मुद्दा असा की याची आई अगोरात फिती विकते, कधीकाळी दुसऱ्याच्या मुलाला पाजायला दाई म्हणूनही राहिली होती, मग ही कसली नागरिकाची मुलगी? त्याने कोर्टात केलेलं भाषण डेमॉस्थेनिसच्या भाषणांत टिकलं आहे. तो काही लपवत नाही. होय, आम्ही फिती विकतो, मनासारखं जगत नाही, म्हणतो. नवरा युद्धावर, पदरात दोन मुलं, म्हणून तिने दाईचं काम केलं. आणि मग तो कायदा वाचायला लावतो: अगोरात काम करण्यावरून कोणत्याही नागरिकाला, पुरुष असो वा बाई, हिणवलं तर तो गुन्हा आहे.

'पुरुष असो वा बाई' हे शब्द कायद्यात होते. मी ते भाषण पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या ओळीपाशी थांबले होते.

दगडफूल
सांजवेळ, आईला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. तिने निकारेतेचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. तिची आई, म्हणजे माझी आजी, दर बुधवारी आठवडी बाजारात बांगड्या घेऊन बसायची, हे तिने आज मला पहिल्यांदा सांगितलं. मग विचारलं, फिती विकणाऱ्या अगोरात नेमक्या कुठल्या बाजूला बसायच्या?